बक्षीसपत्रातली एक ओळ

सांगली जिल्ह्यातल्या विट्यात एका दस्तलेखकाच्या टेबलाशेजारी बसून मी अकरा वर्षं टायपिंग केलं. खरेदीखत, गहाणखत, हक्कसोडपत्र, भाडेकरार, जे येईल ते. बक्षीसपत्राचा मजकूर तर बोटांनाच पाठ झाला होता. 'तुम्ही माझे चिरंजीव असून माझा उत्तम प्रकारे सांभाळ करीत आहात. सबब तुमच्यावरील नैसर्गिक प्रेमापोटी, स्वसंतोषाने, राजीखुशीने व कोणाच्याही दडपणास बळी न पडता खाली वर्णन केलेली मिळकत आज रोजी बक्षीस दिली आहे...' नाव, गट नंबर आणि चतुःसीमा तेवढ्या बदलायच्या, बाकी तेच.

या मजकुरात एक ओळ नसते, पुढंही सांभाळायची अट सांगणारी. ती नसल्यामुळे पुढं काय होतं, हे दस्त टाइप करणाऱ्याला दिसत नाही. माणूस अंगठा देऊन निघून जातो. मला ते दिसलं तेव्हा मी नोकरी सोडली होती आणि गावच्या ज्येष्ठ नागरिक संघात लोकांचे अर्ज लिहून द्यायला लागलो होतो. मीच टाइप केलेला एक दस्त घेऊन एक तात्या माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "ह्यो रद्द हुतोय का बघ."

होतो का, कुठं होतो, कशामुळं अडतो, हे सगळं नीट मांडावं म्हणून हा लेख.

आधी आमच्या भागाची थोडी माहिती. खानापूर आणि आटपाडी हे तालुके दुष्काळी. शेतीवर भागेना म्हणून इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात गेली. गलाईवाले म्हणून ती देशभर पसरली आहेत. कोईमतूरपासून कोलकात्यापर्यंत कुठल्याही सराफ कट्ट्यावर विचारा, विट्याकडचा माणूस भेटेल. त्या पैशातून गावोगावी दोन-तीन मजली बंगले उभे राहिले. आत बघावं तर दोन म्हातारी माणसं आणि वरच्या मजल्याला कुलूप. दसऱ्याला पालख्यांच्या शर्यतीसाठी, नाहीतर गावच्या जत्रेला पोरं येतात. घर भरतं, आणि त्याच सुट्टीत दस्ताची घाई सुरू होते. "आलोय तवर उरकून घेऊ आबा, परत कवा येणं हुतंय." टेंभू सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून जमिनीला भाव आलाय, त्यामुळं ही घाई जरा जास्तच.

त्यात बक्षीसपत्र स्वस्त पडतं. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा वारलेल्या मुलाची बायको यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. बाकीचे आकार वेगळे. हीच मिळकत परक्याला विकायची तर बाजारभावावर टक्क्यांनी शुल्क लागतं. सवलत चांगलीच आहे, पण स्वस्त म्हणून माणूस फार विचार न करता सही करतो, असा माझा अनुभव आहे.

लोक तीन कागदांत गल्लत करतात, म्हणून ते वेगळे करून सांगतो. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. जिवंत असेपर्यंत ते कितीही वेळा बदलता येतं, फाडून टाकलं तरी चालतं, आणि त्याची नोंदणीही सक्तीची नाही. बक्षीसपत्राचं तसं नाही. ते नोंदवावंच लागतं, आणि नोंदलं की मालकी त्याच दिवशी समोरच्याची होते. आपलं मन बदललं एवढ्या कारणावरून ते परत घेता येत नाही. तिसरं हक्कसोडपत्र. त्यात सामाईक मिळकतीतला आपला हिस्सा माणूस सोडून देतो, बहुतेक वेळा बहिणी भावासाठी किंवा विधवा आई मुलासाठी. हाही कागद एकदा झाला की झाला.

बक्षीसपत्र नोंदलं की गावात फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, धरला जातो, नोटीस निघते, मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात. सातबाऱ्यावर बापाचं नाव पूर्वी कंसात जायचं. आता नवीन नमुन्यात त्यावर आडवी रेघ येते. आपल्या हयातीतच आपल्या नावावर रेघ मारलेली बघणं काय असतं, ते त्या तात्यांच्या तोंडावर दिसत होतं. उतारा त्यांनी घडी घालघालून इतका मऊ केला होता की घडीच्या जागी गट नंबरच पुसला होता.

आता कायद्याकडे येतो. २००७ साली संसदेनं आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा केला. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू झाला. वयाची ६० पूर्ण झालेला भारतीय नागरिक म्हणजे ज्येष्ठ नागरिक. आई-वडिलांना मात्र वयाची अट नाही, आणि त्यात सावत्र व दत्तक आई-वडीलही येतात. स्वतःच्या कमाईतून किंवा मिळकतीतून ज्यांचं भागत नाही, त्यांना सांभाळायची जबाबदारी सज्ञान मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर आहे. मुलगीसुद्धा, हे मी मुद्दाम ठळक सांगतो, कारण "लेकीचं काय, ती परक्याच्या घरची" हे वाक्य कायद्याला मान्य नाही. जमीन वाटताना तिची आठवण झाली नसली तरी सांभाळायच्या वेळी भाऊ तिला हमखास सामील करून घेतो, आणि कायदा त्याला तशी मुभाही देतो. ज्यांना मूलबाळ नाही त्यांच्यासाठी नातेवाईक ही वेगळी व्याख्या आहे. जो सज्ञान वारस त्यांची मिळकत वापरतोय किंवा ज्याला ती पुढं मिळणार आहे, तो जबाबदार. आमच्याकडं तो बहुतेक पुतण्या असतो. चुलत्याची जमीन कसतो, पण चुलत्याच्या औषधाच्या चिठ्ठीकडं बघत नाही.

दाद मागायची ती न्यायाधिकरणाकडं. नाव भारदस्त असलं तरी तिथं बसतात ते प्रांतच, म्हणजे उपविभागीय अधिकारी. म्हणजे खानापूरच्या माणसानं सांगलीला हेलपाटा घालायचं कारण नाही, विट्याच्या प्रांत कार्यालयात अर्ज देता येतो. गलाईवाल्यांच्या आई-बापांना यात एक मोठी सोय आहे. अर्ज जिथं म्हातारा-म्हातारी राहतात तिथं करता येतो, मुलगा कोईमतूरला असला तरी त्याला नोटीस इथूनच निघते. अर्ज स्वतः करता येतो, दुसऱ्या कुणाला किंवा एखाद्या संस्थेला अधिकार देऊन त्यांच्यामार्फत करता येतो, आणि न्यायाधिकरण आपण होऊनही दखल घेऊ शकतं. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा, अगदी अपवाद म्हणून आणखी ३० दिवस. दरम्यानच्या काळात अंतरिम रक्कमही मंजूर करता येते. वकील लावायचा नाही असं कायद्यात लिहिलंय, पण काही उच्च न्यायालयांनी वकिलांना मुभा दिली आहे. वकिलाशिवाय जायचं असेल तर जिल्ह्याच्या समाजकल्याण अधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी आई-वडिलांची बाजू मांडू शकतो.

न्यायाधिकरण आधी समेट घडवू बघतं. त्यासाठी समेट अधिकारी असतो, त्याला महिन्याची मुदत. लोक याला नावं ठेवतात, मला ते बरं वाटतं. दहातली निम्मी भांडणं मुळात पैशाची नसतातच. फोन उचलत नाही, सुनेनं ताट आपटलं, जत्रेला आला तर मेहुण्याकडं उतरला, असलीच ती असतात.

समेट झाला नाही तर दरमहा रक्कम ठरते. इथं कायद्याचं दात पडलेलं तोंड दिसतं. महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये, ही मर्यादा २००७ च्या कायद्यातच घातली आहे. तेव्हाचे दहा हजार आणि आजचे दहा हजार यांत किती फरक आहे, ते औषधाच्या दुकानात उभं राहिलं की कळतं. ही मर्यादा उठवणारं आणि सुना-जावयांनाही जबाबदार धरणारं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं. ते मंजूर झालं नाही. ठरलेली रक्कम दिली नाही तर वॉरंट निघू शकतं, महिनाभरापर्यंत किंवा पैसे भरेपर्यंत कैद होऊ शकते. मात्र रक्कम थकल्यापासून तीन महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज द्यावा लागतो. "पोरगं आज दील, उद्या दील" म्हणून सहा महिने थांबलेले मी पाहिलेत. असं थांबू नये. आई-बापाला कुठंतरी सोडून देणं हा तर वेगळा गुन्हाच आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पण महिन्याच्या रकमेपेक्षा आमच्या भागात मोठा प्रश्न जमिनीचा. सरकारी निवृत्तीवेतन बघा. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या निराधारांना २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात, तेही कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल तर. इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तीवेतन योजनेत केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत महिन्याला २०० रुपये आहे. त्यामुळं गावातल्या म्हाताऱ्या माणसाची खरी पेन्शन सातबारा हीच असते. तो नावावर आहे तोवर ताटात वाढलेलं गरम असतं. हे वाईट वाटेल असं बोलणं आहे, पण बक्षीसपत्राच्या आदल्या दिवशी आणि सहा महिन्यांनी एकाच घरात चहा पिऊन बघा.

इथं कायद्यातलं कलम २३ येतं. कायदा लागू झाल्यानंतर ज्येष्ठ नागरिकानं आपली मिळकत बक्षीस म्हणून किंवा दुसऱ्या रीतीनं कुणाला दिली, 'मला मूलभूत सोयी आणि शारीरिक गरजेच्या गोष्टी पुरवशील' या अटीवर दिली, आणि घेणाऱ्यानं ते पाळलं नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीनं किंवा दडपणाखाली झालं असं धरून न्यायाधिकरण ते रद्दबातल ठरवू शकतं. दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं खेटे घालायची गरज नाही.

सगळी गोम 'या अटीवर' या दोन शब्दांत आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या खटल्यात हे स्पष्ट केलं. प्रश्न हक्कसोडपत्राचा होता. न्यायालय म्हणालं, माणूस जवळच्यांना मिळकत देतो तेव्हा प्रत्येक वेळी सांभाळण्याची अट असतेच असं नाही. पुष्कळदा तो नुसत्या प्रेमानं देतो, बदल्यात काही मागत नाही. म्हणून अट होती हे दाखवावं लागेल. त्या प्रकरणात ती दाखवता आली नाही, आणि दस्त रद्द करण्याचा आदेश टिकला नाही.

आता आमचा ठरीव मजकूर पुन्हा वाचा. 'माझा उत्तम प्रकारे सांभाळ करीत आहात.' हे झालं वर्तमानकाळातलं कौतुक. उद्याचं त्यात काहीच नाही. 'प्रेमापोटी' म्हणजे तर बदल्यात काही नको, असं आपणच लिहून देतो. चांगलं दिसावं म्हणून घातलेला शब्द म्हाताऱ्याच्या विरुद्ध साक्ष देतो. मी हा शब्द शेकडो वेळा टाइप केलाय.

दोन जानेवारी २०२५ ला ऊर्मिला दीक्षित विरुद्ध सुनील शरण दीक्षित या खटल्याचा निकाल आला आणि पारडं थोडं ज्येष्ठांकडं झुकलं. मध्य प्रदेशातल्या छतरपूरची आई. तिनं मुलाला बक्षीसपत्र करून दिलं होतं, आणि सांभाळ केला नाही तर दस्त रद्द करता येईल असं मुलाच्या नावाचं वचनपत्रही पुढं आलं. उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं मुलाच्या बाजूनं निकाल दिला होता. सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. हा कायदा म्हाताऱ्या माणसांच्या भल्यासाठी आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावला पाहिजे, आणि न्यायाधिकरण ताबा परत देण्याचा आदेशही देऊ शकतं, असं न्यायालयानं सांगितलं.

या दोन निकालांत विरोध आहे असं काही जण म्हणतात. मला साध्या माणसासाठी त्यातून एकच गोष्ट दिसते. छतरपूरच्या आईकडं कागद होता. मुख्य दस्ताबाहेरचा का असेना, पण अट सांगणारा कागद होता. तात्यांकडं तो नव्हता. त्यांच्याकडं होतं ते मी टाइप केलेलं कौतुक.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण अर्ज लिहिताना ती हमखास विचारली जाते. "सुनेला घराबाहेर काढता येईल का?" डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एस. वनिता खटल्यात सांगितलंय की घर रिकामं करायचा आदेश या कायद्याखाली देता येतो, पण सुनेचा सासरच्या घरात राहण्याचा जो हक्क कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं दिलाय तो या कायद्याचा वापर करून पुसता येणार नाही. नवरा-बायकोच्या भांडणात सासू-सासऱ्यांना पुढं करून सुनेला हाकलायचे बेत मी पाहिलेत. असले अर्ज मी लिहीत नाही.

मग ज्यानं अजून सही केलेली नाही त्यानं काय करावं? माझं उत्तर लोकांना आवडत नाही. शक्यतो बक्षीसपत्र करूच नये, मृत्युपत्र करावं. पोरगा म्हणेल, नंतर बहिणी भांडतील. भांडणार असतील तर त्या बक्षीसपत्रावरही भांडतील, विशेषतः जमीन वडिलोपार्जित असेल तर, कारण वाटणी न झालेली अशी जमीन बापाला एकट्याच्या मर्जीनं बक्षीस देता येत नाही. द्यायचंच असेल तर सगळं देऊ नये. राहतं घर आणि विहिरीजवळचा तुकडा स्वतःच्या नावावर ठेवावा. तेही जमत नसेल तर दस्तात दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. घरात राहण्याचा आणि जमिनीचं उत्पन्न घेण्याचा तहहयात हक्क देणाऱ्यानं स्वतःकडं राखला आहे, ही पहिली. दुसरी म्हणजे अट: अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी घेणाऱ्यानं पुरवायचं, आणि ते थांबलं तर ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे हे बक्षीस रद्द होण्यास पात्र राहील. नवरा-बायको दोघं असतील तर दोघांची नावं अटीत हवीत. बाप गेल्यावर आईचं काय, हे त्या दस्तात बहुतेक वेळा सापडतच नाही.

दस्तलेखक कुरकुर करेल, कारण ठरीव नमुना मोडावा लागतो. मुलाचंही तोंड उतरेल. "आमच्यावर इश्वास न्हाय व्हय?" हे वाक्य त्या टेबलाशी किती वेळा ऐकलं त्याचा हिशेब नाही, आणि ते ऐकलं की म्हातारं माणूस नव्वद टक्के वेळा गप्प होतं. म्हणून हे बोलणं घरी करून घ्यावं, नोंदणी कार्यालयाच्या दारात नाही. मसुदा आदल्या दिवशी मागून घ्यावा आणि तो मुलाऐवजी तिसऱ्या माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्यावा.

आणि ज्यांनी आधीच सही केली आहे? त्यांनी अट दाखवणारं जे काही असेल ते गोळा करावं. त्या वेळचं वचनपत्र, स्टॅम्पवर केलेला करारनामा, असं काहीही. तेही नसेल तर दस्त रद्द होण्याची वाट अवघड आहे, खोटी आशा मी दाखवत नाही. पण दरमहा रकमेचा अर्ज त्यावर अवलंबून नाही, तो करता येतोच. न्यायाधिकरणाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत जिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याकडं अपील आहे. दस्त रद्द झालाच तर आदेशाची प्रत घेऊन तलाठ्याकडं (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) पुन्हा फेरफार धरायला सांगावं लागतं. हे काम आपोआप होईल म्हणून घरी बसू नये. कुणाशी बोलावं हेच कळत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे.

तात्यांचा दस्त रद्द झाला नाही. महिन्याला रक्कम ठरली, ती येते, कधी वेळेवर, कधी नाही.

त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी मी आटपाडीकडच्या एका आजींबरोबर नोंदणीला गेलो होतो. मुलगा तमिळनाडूत गलाईला, स्वभावानं बरा. मसुदा मीच वाचून दाखवला होता. अटीची ओळ आली तशी आजींनी हात वर केला. "जेवान लिव्हलंय, औषिद लिव्हलंय. च्याचं?" दस्तलेखक हसला. म्हणाला, "आजी, अन्नात चहा येतो की." आजी म्हणाल्या, "न्हाय येत. सून म्हणती, जेवान दोन टायमाला दिलं की झालं." मुलगा खाली बघत होता. मग तोच म्हणाला, "लिव्हा की, काय जातंय."

लिहिलं. 'सकाळ-संध्याकाळ चहा' असे शब्द त्या दस्तात आहेत. आत गेल्यावर आजींचा अंगठा यंत्रावर काही उमटेना, खुरप्यानं रेषाच झिजल्या होत्या. तीनदा पदराला पुसला, चौथ्यांदा लागला.